शेवरोले ३५० रीबिल्ड: व्होर्टेक हेड, कॉम्प्रेशन आणि क्वेंच

सी-१० ट्रकच्या ३५० इंजिनचा ब्लॉक ०.०३० इंच ओव्हरसाइज बोअर होऊन (सिलिंडर तेवढे रुंद करून) आला आहे. बोअर १०२.३६ मिमी, स्ट्रोक ८८.३९ मिमी, म्हणजे एका सिलिंडरचे ७२७ सीसी. जुन्या हेडचे चेंबर (मिश्रण जळतं त्या पोकळ्या) ७६ सीसीचे होते. आता १९९६ ते २००० च्या ट्रकमधली व्होर्टेक हेड बसणार आहेत (कास्टिंग नंबरचे शेवटचे आकडे ९०६ किंवा ०६२), चेंबर ६४ सीसी. एवढ्या बदलानंच कॉम्प्रेशन (मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा) साधारण एका अंकानं चढतं.

चेंबर स्वतः मोजायचेच, कारण आधी कुणी फेसिंग (पृष्ठभाग तासून सपाट करणं) केलं असेल तर ते ६४ भरत नाहीत. वॉल्व्ह आणि प्लग बसवा, कडेला ग्रीसचा पातळ थर, वर भोक पाडलेली अ‍ॅक्रिलिकची पट्टी, आणि ब्युरेटमधून रंगीत स्पिरिट. आत बुडबुडा राहिला की चेंबर आहे त्यापेक्षा लहान दिसतो. डेक (पिस्टन पूर्ण वर आल्यावर ब्लॉकच्या वरच्या पृष्ठभागापासून किती खाली राहतो ते) मोजताना डायल गेजचं टोक गजन पिनच्या (पिस्टन आणि कनेक्टिंग रॉड जोडणाऱ्या पिनच्या) रेषेवर टेकवा, नाहीतर पिस्टन डुलतो आणि आकडा फसवतो. इथे पिस्टन ०.६४ मिमी खाली आहे, म्हणजे ५.२ सीसी.

खरा निर्णय पिस्टन आणि गॅस्केटच्या जोडीचा. फ्लॅट-टॉप पिस्टन (रिलीफ, म्हणजे वॉल्व्हसाठीच्या खाचा, ६ सीसी) आणि १.०४ मिमी गॅस्केट (९.२ सीसी) घेतलं तर कॉम्प्रेशन ९.६ येतं. १२ सीसी डी-डिश पिस्टन (माथ्यावर डी आकाराचा खळगा असलेला) आणि ०.३८ मिमी शिम गॅस्केट (पातळ पत्र्याचं, ३.३ सीसी) घेतलं तरी ९.६च! पण पहिल्या जोडीत क्वेंच (पिस्टन पूर्ण वर असताना त्याचा सपाट माथा आणि हेड यांतली फट) १.६८ मिमी, दुसरीत १.०२. ट्रक चढावर भार ओढतो तेव्हा हाच फरक नॉकिंग (मिश्रण अवेळी भडकून होणारी ठोठो) रोखतो, म्हणून दुसरी जोडी पक्की केली. जाड गॅस्केट घालून कॉम्प्रेशन उतरवणं हा चुकीचा उपाय आहे. आकडा उतरतो, पण मिश्रण ढवळणारी क्वेंचही जाते. गोल डिशही नको, ती क्वेंच पॅडखालची (हेडच्या सपाट भागाखालची) पिस्टनची सपाट जागा खाते.

शिम गॅस्केट खाचखळगे भरून काढत नाही. स्ट्रेट-एजखाली ०.०५ मिमीचं फीलर शिरलं तर आधी फेसिंग. त्याहीआधी क्रॅक टेस्ट, कारण ही हेड वॉल्व्ह सीटच्या मध्ये तडकतात.

इनटेक मॅनिफोल्ड आठ बोल्टचं व्होर्टेकचंच लागतं. रॉकर सेल्फ-अलाइनिंग (वॉल्व्हवर स्वतःच सरळ राहणारे) आहेत, त्यांच्यासोबत गाइड प्लेट लावायची नाही. कॅमचा लिफ्ट ११ मिमीच्या पुढे गेला तर रिटेनर (वॉल्व्ह स्प्रिंगची टोपी) सीलवर आपटायला येतो, तेव्हा गाइडचं टोक उतरवून घ्या.

एका हेडला १७ बोल्ट, आणि भोकं वॉटर जॅकेटमध्ये उघडतात, त्यामुळे प्रत्येक आट्यावर सीलंट हवंच. जुन्या धाटणीचे बोल्ट मधून बाहेरच्या क्रमानं, तीन टप्प्यांत ८८ न्यूटन-मीटरपर्यंत आवळायचे. हेड बसली की पुशरॉडची लांबी तपासायची, मग टॅपेट: शून्य लॅशवर (ढिलाई जेमतेम संपते तिथून) अर्धा फेरा आवळायचा.