आज कोणाचाच बिल्ला लावला नाही

न्यू जर्सीत आज, १० जून २०२५, गव्हर्नरपदाची प्रायमरी, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणारी निवडणूक. डेमोक्रॅटिक पक्षाचे सहा उमेदवार, आणि सहाही जणांचे कार्यकर्ते माझ्या ओळखीचे. मी पक्षाचं स्थानिक काम करते, म्हणून सुरुवातीपासून ठरवलं होतं की मत मी देईन, पण प्रचार कोणाचाच करणार नाही.

सोपं नव्हतं. सकाळी मतदान केंद्राबाहेर सहांपैकी एक उमेदवार बराका यांची पत्रकं वाटणारा आमच्या मंडळातला मुलगा म्हणाला, "ताई, गप्प बसणं म्हणजे पळ काढणं." त्याचा राग मला समजतो. इतकी वर्षं जिल्हा पक्षाचा लाडका उमेदवार मतपत्रिकेवर मोक्याच्या रांगेत छापला जायचा, बाकीचे कुठेतरी कोपऱ्यात. गव्हर्नरपदासाठी ती पद्धत यंदा पहिल्यांदाच बंद होती. मग आमच्यासारख्यांनीच मागल्या दाराने पारडं झुकवलं, तर हरलेल्यांनी नोव्हेंबरातल्या मुख्य निवडणुकीत आमच्यासाठी दारं का ठोठावावीत? २०१६ मध्ये पक्षाच्या राष्ट्रीय समितीचे ईमेल फुटले, समितीचा कल हिलरी क्लिंटन यांच्याकडे दिसला, तेव्हा अध्यक्षपदाच्या प्रायमरीत त्यांच्याविरुद्ध लढलेल्या बर्नी सँडर्स यांचे समर्थक किती दुखावले होते ते मी जवळून पाहिलंय.

रात्री मिकी शेरिल जिंकल्या. समोर रिपब्लिकन पक्षाचे चियातारेली. २०२१ मध्ये त्यांनी आमच्या पक्षाचे गव्हर्नर मर्फी यांची आघाडी तीन टक्क्यांच्या आसपास आणून ठेवली होती, तेव्हा आमचं एकही माणूस घरी बसून चालणार नाही.

निकालानंतर पहिला फोन मी त्या मुलालाच केला. तो नाराज आहे, पण बोलला. शनिवारी फोनयाद्या घेऊन बसायचंय. हरलेल्या फुलप आणि गॉटहाइमर यांच्या लोकांनाही बोलावलंय.