शेरा : हरवले

घरातलं वडीलधारं माणूस गेलं की महिन्या-दोन महिन्यांत वाचनालयात फोन येतो. "बाबांची पुस्तकं आहेत, नेता का?" आमचं तालुक्याच्या गावातलं वाचनालय, जागेची बोंब, म्हणून मी आधीच विचारते, कसली पुस्तकं आहेत? बहुतेक वेळा पोथ्या, दिवाळी अंक नाहीतर नातवंडांची स्पर्धा परीक्षेची जुनी गाइडं निघतात. या वेळी मुलगा जरा चाचरतच म्हणाला, "डिटेक्टिव्ह आहेत. माळ्यावर दोन ट्रंका भरून. रद्दीवाला म्हणाला, कागद ठिसूळ झालाय, नेत नाही."

शिपाईकाकांना घेऊन गेले. वडील एसटीत कंडक्टर होते, उभी नोकरी मुक्कामाच्या गाड्यांवर काढलेली. ट्रंका खाली उतरवल्या, उघडल्या, तसा डांबरगोळ्यांचा नि वाळलेल्या कडुलिंबाच्या पाल्याचा वास आला. आत खिशात मावतील अशा कादंबऱ्या. बाबूराव अर्नाळकर, गुरुनाथ नाईक, थोडे सुहास शिरवळकर, नारायण धारप. आणि सगळ्यांना मुखपृष्ठं होती. पिस्तूल, लाल ओठांची बाई, खिडकीतली सावली, भडक निळं-पिवळं छापलेलं. वाचनालयात इतकी वर्षं काढूनही अर्नाळकरांची मुखपृष्ठं एकगठ्ठा अशी मी पहिल्यांदाच पाहत होते. कारण वाचनालयात ती राहतच नाहीत. पुस्तक बाइंडरकडे गेलं की तो तीन-चार कादंबऱ्या एकत्र शिवतो, कव्हर फाडून फेकतो, कडा छाटतो, वर काळं कापड नि जाड पुठ्ठा चढवतो. छाटताना कधी पृष्ठांकही जातात.

पहिलंच पुस्तक उघडलं तर आतल्या पानावर जांभळ्या शाईत गोल शिक्का. आमचाच. दाखल क्रमांक, मागे तारीख-चिठ्ठी, सगळं जागच्या जागी. दुसऱ्यावरही तेच, तिसऱ्यावरही. शिपाईकाकांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. मुलानं ते पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. "मॅडम, म्हणजे बाबांनी ही..." पुढचा शब्द त्याला उच्चारवेना. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या त्याच्या आई तेवढ्यात म्हणाल्या, "पैसे भरायचे ते. दर एक-दोन महिन्यांनी लायब्ररीचा दंड. एवढं मोठं माणूस पुस्तकं हरवतं कसं म्हणून मी भांडायची."

ट्रंका टेम्पोत घालून आणल्या आणि संध्याकाळी देवघेव बंद झाल्यावर मी जुन्या दाखल नोंदवह्या काढल्या. या वह्यांचा मला नाद आहे. पुस्तक कधी आलं, कितीला आलं, कुठल्या दुकानातून आलं, सगळं एका ओळीत, आणि शेवटचा रकाना शेऱ्याचा. ट्रंकेतल्या पुस्तकांचे क्रमांक एकेक करून लावत गेले. प्रत्येकापुढे तांबड्या शाईत एकच मजकूर : 'हरवले. किंमत व दंड वसूल', पुढे पावती क्रमांक. एकही क्रमांक सुटला नव्हता. म्हातारबुवांनी चोरी केली नव्हती. पैसे मोजून पुस्तकं हरवली होती.

नोंदवही उघडलीच आहे म्हणून आजूबाजूच्या ओळीही वाचल्या, आणि खरा धक्का तिथे बसला. आमच्याकडे एके काळी अर्नाळकरांच्या तीनशेच्या वर कादंबऱ्या होत्या. नाईकांच्याही त्याच बेताच्या. त्या ओळींपुढचे शेरे असे : 'जीर्ण, निर्लेखित', 'पाने गहाळ, निर्लेखित', 'वाळवी'. दर काही वर्षांनी कार्यकारी मंडळापुढे फाटक्या पुस्तकांची यादी जाते, मंजुरी मिळते, गठ्ठे रद्दीत जातात. रीतसर काम आहे, मीही ते करते. पण त्या यादीत जातं कोण? जे वाचलं गेलं ते. कपाटात वरच्या फळीवर कापडी बांधणीचे समग्र वाङ्मयाचे खंड आहेत, त्यांच्या तारीख-चिठ्ठीवर दोन शिक्के, तेही बहुधा एकाच प्राध्यापकाचे. ते कधी जीर्ण होणार? आणि अर्नाळकरांच्या पुस्तकांत एका चिठ्ठीवर दुसरी, दुसरीवर तिसरी, तारखा दोन-दोन दिवसांच्या अंतरानं. हा माणूस हजाराच्या वर कादंबऱ्या लिहून १९९६ मध्ये गेला, आणि आज आमच्या फळीवर त्याची धड अशी एकही प्रत उरलेली नाही. वाचकांनी वाचून वाचून संपवला म्हणायचा.

अर्नाळकरांचे झुंजार आणि विजया, धनंजय आणि छोटू, काळा पहाड ही नावं घेतली की सत्तरीतली माणसं अजून काउंटरवर खुर्ची ओढून बसतात. नाईकांचा कॅप्टन दीप किंवा गोलंदाज म्हटलं की साठीतली. नाईक मूळचे गोव्याचे, २०२१ मध्ये गेले, त्यांच्याही कादंबऱ्यांचा आकडा बाराशेच्या आसपास सांगतात. एवढ्या वेगानं लिहिलेलं सगळं चांगलं असतं असं कुणी म्हणू नये. त्या रात्री मी नोंदी करता करता दोन-तीन वाचल्या. पाठलाग एकसारखे, मुष्टिप्रहार एकसारखे, खलनायक हसतो तो विकटच हसतो. पण वाक्य छोटं, पहिल्या पानावर प्रेत, आणि प्रकरण अशा जागी तोडलेलं की हातातलं काम राहून जातं. माझंही राहिलं.

धारपांचं वेगळं. ते अजून घाबरवतात. त्यांची सुरुवात किती साधी असते पाहा : बदली झालेलं कुटुंब, स्वस्तात मिळालेलं घर, शेजाऱ्यांचं जरा जास्तच गप्प राहणं. वाडा, अमावास्या, घुबड यांची त्यांना फारशी गरज लागत नाही. त्यांच्या कथांतल्या समर्थांसारखं कुणी शेवटी येऊन सोडवेल हे ठाऊक असतं, तरी मधली पानं एकट्यानं वाचवत नाहीत. त्यांच्या 'लुचाई'मागे स्टीफन किंगची कादंबरी आहे हे आता शाळकरी पोरंही मला ऐकवतात. असू दे. किंगचं अमेरिकन खेडं उचलून मराठी गावात नेऊन ठेवायचं आणि मराठी वाचकाला ते आपलंच वाटायला लावायचं, हे काम ज्याला सोपं वाटतं त्यानं करून पाहावं.

धारप २००८ मध्ये गेले, पण त्यांची पुस्तकं पुन्हा छापली गेली, आधी साकेतकडून, नंतर रोहनकडून. २०१८ मध्ये 'तुंबाड' हा हिंदी सिनेमा आला, त्याच्या मुळाशी धारपांची कथा आहे हे कळल्यावर कॉलेजातली मुलं त्यांचं नाव घेऊन येऊ लागली. शिरवळकरांचंही तेच. 'दुनियादारी' १९८२ ची, सिनेमा २०१३ चा, मधे लेखक २००३ मध्ये गेलेलासुद्धा. आज त्यांचा वाचक 'दुनियादारी' मागतो. त्यांच्या रहस्यकथांतले नायक दारा बुलंद आणि फिरोझ इराणी कुणी मागत नाही. रत्नाकर मतकरी बँकेतली नोकरी सांभाळून गूढकथा लिहायचे, पण कथासंग्रह, नाटकं, दूरदर्शन असे सगळीकडे असल्यामुळे ते फळीवर टिकले. ज्याच्या नावावर निवडून दहा-वीस पुस्तकं काढता येतात त्याला प्रकाशक पुन्हा छापतो. हजार पुस्तकांतली दहा कुणी निवडायची? त्यासाठी आधी हजार वाचावी लागतील, आणि वाचायला ती सापडायला हवीत. दर महिन्याला नवं येणार म्हणून जुनं टाकायचं, या हिशेबानंच तो सगळा धंदा चालायचा. एसटी स्टँडवरच्या स्टॉलवर या महिन्याची मिळायची. गेल्या वर्षीची हवी तर वाचनालय.

मग कंडक्टरसाहेबांनी नेमकी हीच का हरवली? हे कोडं मी दोन दिवस घेऊन बसले, आणि उत्तर तारीख-चिठ्ठ्यांतच होतं. त्यांच्या प्रतींपैकी एकही बाइंडरकडे गेलेली नव्हती. पण प्रत्येकीच्या पिना गंजून सैल झालेल्या, पाठीला भेग, कव्हर एका बाजूनं सुटत आलेलं. पुढच्या खेपेला तिची रवानगी बाइंडरकडे ठरलेली, अशा अवस्थेतली. चिठ्ठीवरची शेवटची तारीख आणि नोंदवहीतला 'हरवले' यांत साधारण महिन्याचं अंतर. माझा तर्क असा की कव्हर फाटायच्या आधी ते पुस्तक सोडवून घेत होते. त्यांच्या मुलाला सांगितलं तर तो म्हणाला, "कव्हरं बघत बसायचे खरं. वाचून झालं तरी."

एका पुस्तकात पहिल्याच पानावर कुणा टवाळानं शाईनं खुन्याचं नाव लिहून ठेवलं होतं. वाचनालयातला हा जुनाच उपद्रव. त्या नावावर दुसऱ्या कुणीतरी इतक्या नेटानं निळं पेन फिरवलं होतं की कागद आरपार गेला होता. तिकिटांच्या हिशेबाच्या कागदांवर म्हातारबुवांचं अक्षर निळ्या पेनातलंच आहे.

आता माझ्यापुढे कारकुनी पेच. ही पुस्तकं आमची नाहीत, किंमत वसूल झालेली आहे. म्हणून देणगी म्हणून घ्यायची, नवे दाखल क्रमांक द्यायचे. पण मंडळाची मंजुरी हवी. सभेत पहिला प्रश्न आला तो असा : जी पुस्तकं आपण निर्लेखित करतो तीच पुन्हा दाखल का करायची? प्रश्न काही चुकीचा नव्हता. मी नोंदवही उघडून समोर ठेवली, तांबडे शेरे दाखवले. एक तरुण सदस्य म्हणाला, स्कॅन करून नेटवर टाका, जगाला दिसू दे. ते जमत नाही. लेखक गेल्यानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट असतो, म्हणजे अर्नाळकर २०५६ संपेपर्यंत आणि धारप २०६८ संपेपर्यंत त्यांच्या वारसांचे. मात्र २०१२ च्या दुरुस्तीनंतर एक सोय झाली आहे : मूळ प्रत जवळ असेल तर विनानफा सार्वजनिक ग्रंथालय ती जपणुकीसाठी स्कॅन करून ठेवू शकतं. तेवढं करायचं ठरलं. पिना काढून दोऱ्यानं शिवायचं, कव्हरासकट, कडा न छाटता. प्रती संदर्भ कपाटात, बसून वाचायच्या, घरी नाही.

विरोध फक्त सरांचा होता. निवृत्त मुख्याध्यापक, संस्थेचे सगळ्यात जुने सदस्य. "आमच्या वेळी ही पुस्तकं पोरांच्या दप्तरातून जप्त करायचो आम्ही. ती आता संदर्भ कपाटात?" असं म्हणत त्यांनी ढिगातलं एक उचललं, मुखपृष्ठ पाहिलं, उघडलं. सभा पुढच्या विषयावर गेली, पंख्यांची दुरुस्ती, वर्गणीवाढ, अनुदानाचा हप्ता. सर मान वर करेनात. चहा आला, गार झाला. आभार मानून झाल्यावर ते पुस्तक हातात धरूनच उठले आणि दाराशी मी अडवलं. सर, बसून वाचायचं ठरलंय, तुमच्या सहीनंच.

"तीस पानं राहिलीत," सर म्हणाले. "हरवलं म्हणून लिहा. पैसे भरतो."