काळ्या मातीचं अंगण, कृत्रिम गवत आणि पाण्याची वाट

नागपूरच्या पश्चिमेकडच्या काळ्या मातीतलं २० बाय १५ फुटांचं अंगण. पाऊस थांबून दोन दिवस झाले तरी पाणी जागचं हलत नव्हतं. त्यावर कृत्रिम गवत अंथरलं की प्रश्न मिटला, असं विकणारे सांगतात. तो मिटत नाही. गवताच्या पाठीला ठरावीक अंतरावर भोकं असतात आणि त्यांतून पाणी खाली उतरतं, एवढंच. खाली चिकणमाती असेल तर ते तिथेच बसून राहतं, फक्त डोळ्यांना दिसत नाही. पुढे कुबट वास येऊ लागला की कळतं.

माती तपासताना उन्हाळ्यात हमखास फसगत होते. मे महिन्यात फूटभर खड्डा करून पाणी ओता, बघता बघता गायब होतं आणि जमीन छान शोषते असं वाटतं. प्रत्यक्षात ते भेगांमधून पळालेलं असतं. ही माती भिजली की फुगते, भेगा मिटतात आणि मग थेंब जाईनासा होतो. म्हणून मी खड्डा दोन दिवस भरता ठेवला आणि तिसऱ्या दिवशी मोजलं: रात्रभरात बोटभरही पाणी उतरलं नव्हतं. अशा मातीत शोषखड्डा करायचा तर तो खालच्या मुरमापर्यंत न्यावा लागतो, नाहीतर तो नुसता हौद होतो. आम्ही पाणी रस्त्याकडेच्या पावसाळी गटारात सोडायचं ठरवलं. सांडपाण्याच्या लाइनला ते कधीही जोडू नये.

त्यासाठी गटाराचा तळ अंगणाच्या सखल कडेपेक्षा किती खाली आहे हे पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने (तिच्या दोन्ही टोकांना पाणी एकाच पातळीत राहतं) आधी पाहिलं. किमान दोन फूट लागतात, आम्हाला सव्वादोन मिळाले. हे माप न घेता खोदकाम सुरू केलं तर पुढचा सगळा खर्च पाण्यात.

दुसरा हिशोब छताचा. २५ मिमी पाऊस पडला तर ३०० चौरस फूट अंगणावर सुमारे ७०० लिटर पाणी येतं, पण १००० चौरस फुटांच्या छतावरून २३०० लिटर. ते अंगणात सोडलं तर कुठलाही थर पुरा पडत नाही. छताचे पाइप बिनछिद्राच्या वेगळ्या पाइपाने थेट गटाराच्या चेंबरला नेले. निम्मा चिखल याच कामाने थांबला, असं माझं मत आहे.

खोदायची वेळ वाफशाची, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी असतानाची. ओल्या मातीवर मजूर फिरले की ती लोण्यासारखी माखली जाते. उन्हाळ्यात खोदली तर भेगाळलेल्या तळावर थर पडतात आणि जूनमध्ये तळ फुगून गवताला लाटा येतात. पावसाळ्यानंतर, नोव्हेंबरात, आठ इंच माती काढली. उतार घराच्या जोत्यापासून बाहेरच्या बाजूला, १५ फुटांत अडीच इंच, आणि तो मातीच्या तळालाच दिला. तळ सपाट ठेवून वरच्या गिट्टीत उतार काढला तर खाली पाणी साचतंच.

सखल कडेला फूटभर रुंद आणि तळापासून आणखी दहा इंच खोल चर घेतला. त्यात ११० मिमीचा छिद्रांचा पीव्हीसी पाइप, दर १०० फुटांना एक फूट उतार, छिद्रं खालच्या बाजूला. जिओटेक्स्टाइल, म्हणजे पाणी जाऊ देणारं पण माती अडवणारं कापड (न विणलेलं, २०० जीएसएम म्हणजे चौरस मीटरला २०० ग्रॅम) तळावर आणि चरात अंथरलं. काहीजण ते पाइपालाच गुंडाळतात. चिकणमातीत ते गाळाने चोंदतं आणि मग बदलताही येत नाही. पाइपाचं वरचं टोक एल्बो लावून जमिनीपर्यंत आणलं आणि झाकण बसवलं, म्हणजे होजपाइप घालून आतून धुता येतो.

थर असे: २० मिमी गिट्टी (पुण्याकडे खडी म्हणतात) चार इंच, म्हणजे एक ब्रास (१०० घनफूट), त्यावर १० मिमी दोन इंच, अर्धा ब्रास, वर धुतलेली बारीक कच (दगडाचे बारीक तुकडे) एक इंच, पाव ब्रास. चर भरायला २० मिमीची थोडी जास्तीची मागवावी. मिस्त्री मुरूम आणि चुरी (दगडाचा भुकटीसकट चुरा) टाकायचा आग्रह धरतात, कारण ती पटकन बसते आणि रोलरखाली गुळगुळीत दिसते. पण चुरीतली भुकटी भिजली की प्लास्टरसारखी घट्ट होते. आमच्याकडे आलेल्या पहिल्या गाडीतली मूठभर कच पाण्याच्या ग्लासात टाकून बघितली. पाणी दुधासारखं झालं, गाडी परत पाठवली.

कडेला सहा इंच रुंद काँक्रीटची पट्टी हवीच. एप्रिलमध्ये बाहेरची माती आक्रसून भेग पडते, आणि पट्टी नसेल तर गिट्टी त्या भेगेत घसरून कड खचते.

गवत ३५ मिमी उंचीचं, दोन मीटर रुंदीचा रोल. १५ फुटांच्या तीन पट्ट्या उताराच्या दिशेने टाकल्या, म्हणजे जोड पाण्याला आडवे येत नाहीत. तिन्हींची लव एकाच दिशेला ठेवायची. पट्ट्या उन्हात काही तास पसरून मगच कापल्या. जोडाच्या टेपवर गोंद बेताने, भोकांवर पसरू नये. कडेला दर फुटावर सहा इंची खिळा. वर धुतलेली सिलिका वाळू, चौरस मीटरला पाच किलोच्या हिशोबाने सुमारे १४० किलो. मे महिन्यातल्या दुपारी हे गवत अनवाणी पायाला भाजतं, लहान मुलं असतील तर सावलीची सोय आधी करावी.

मृगाच्या आधी पालापाचोळा झाडून काढायचा आणि झाकण उघडून पाइप धुवायचा. सुरुवातीचे एकदोन पाऊस गटाराच्या तोंडाशी पाणी गढूळ येतं. पुढेही काळंच येत राहिलं तर कापड कुठेतरी फाटलेलं असतं. शोध चराच्या कडेपासून सुरू करावा, बहुतेक वेळा तिथेच सांधा सुटलेला सापडतो.