कलम तीन आणि नववी ब

आमच्या समाजविज्ञानाच्या पुस्तकात राज्यघटनेचा धडा जेमतेम पाच-सहा पानांचा होता. घटना समितीची पहिली बैठक 9 डिसेंबर 1946, मसुदा समितीचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर, घटना स्वीकारली 26 नोव्हेंबर 1949 ला, अंमल 26 जानेवारी 1950 पासून. रिकाम्या जागा भरा, जोड्या लावा, झालं. एसएसएलसीला, म्हणजे कर्नाटकातल्या दहावीच्या परीक्षेला, त्यावर मार्क तरी कितीसे असायचे! आमच्या सरांनी मात्र त्या धड्यापायी भाताची अख्खी सुगी घालवली. भूगोल मग जानेवारीत धावतपळत उरकला. काळी माती आणि जांभी माती यांतला फरक मला आजही नीट सांगता येत नाही, तो त्यामुळंच.

सरांचं नाव मुद्दाम लिहीत नाही. त्यांना ते आवडायचं नाही, आणि ज्यांनी त्यांच्या हातची छडी खाल्लीय त्यांना सांगायची गरज नाही. 1992 च्या आसपासची ही गोष्ट. सुट्टी मिळाली की सर एसटीनं बेळगावला जायचे, तिथल्या एका कॉलेजच्या लायब्ररीत बसून घटना समितीतल्या चर्चेचे जाडजूड इंग्रजी खंड वाचायचे आणि आम्हाला कळेल अशा मराठीत वहीत उतरवून आणायचे. शनिवारी सकाळच्या शाळेत शेवटचे दोन तास बाकं समोरासमोर लावायची आणि टोपीतनं चिठ्ठ्या उचलायच्या. चिठ्ठीत ज्याचं नाव येईल तो सभासद व्हायचं. "तुझं मत काय ते कुणी विचारलेलं नाही, चिठ्ठीतल्या माणसाचं मांड," हा एकच नियम.

आंबेडकरांची चिठ्ठी आपल्याला येऊ नये म्हणून पोरं देव पाण्यात घालून बसायची. बाकीच्यांनी एकेक भाषण ठोकून खाली बसायचं, आंबेडकरांनी मात्र प्रत्येकाला उत्तर द्यायचं. कुणी कुरकुर केली की सर टी. टी. कृष्णम्माचारींनी समितीत सांगितलेलं ऐकवायचे. मसुदा समितीवर सात जण नेमलेले, पण एकानं राजीनामा दिला, एक वारले, एक अमेरिकेत, कुणी राज्यकारभारात गुंतलेले, आणि शेवटी सगळं ओझं आंबेडकरांच्या अंगावर आलं. "त्यांनी केली काय कुरकुर?" यावर काय बोलणार!

दिवाकरांची चिठ्ठीही सरांनी न विसरता घातली होती. रं. रा. दिवाकर धारवाडकडचे कानडी पुढारी, पण समितीत ते मुंबई प्रांतातून गेलेले, कारण तेव्हा धारवाड आणि बेळगाव दोन्ही मुंबई प्रांतातच होते. शंकरराव देव, काकासाहेब गाडगीळ, केशवराव जेधे आणि दिवाकर एकाच प्रांताचे सभासद, हे ऐकून आमच्यापैकी बरेच जण गप्प झाले. घरी आम्ही असं काही ऐकलेलं नव्हतं.

सगळ्यात जास्त गोंधळ झाला तो देवावरून. उद्देशिकेची सुरुवात 'ईश्वराच्या नावाने' व्हावी अशी उपसूचना ह. वि. कामतांनी ऑक्टोबर 1949 मध्ये मांडली होती. देवावर मत द्यायची पाळी आमच्यावर आणू नका, असं पूर्णिमा बॅनर्जींनी त्यांना विनवलं, तरी कामत हटले नाहीत. उपसूचनेच्या बाजूनं 41, विरुद्ध 68. आमच्या वर्गात मात्र देव दणदणीत बहुमतानं निवडून आला. सरांनी हसून तो निकाल वहीत लिहून घेतला. त्या वहीत पडलेल्या उपसूचना लाल शाईनं लिहायची त्यांची पद्धत होती. पास झालेलं पुस्तकात छापून आलंच आहे, पडलेलं कुठं वाचणार, असं ते म्हणायचे.

पण मला लिहायचंय ते कलम तीनबद्दल. नवीन राज्य करायचं, राज्याच्या सीमा बदलायच्या, हा अधिकार संसदेचा. संबंधित राज्याच्या विधिमंडळाचं मत मागवायचं, पण ते मानलंच पाहिजे असं बंधन नाही. आता हे नववीतल्या पोरांपुढं बेळगावकडं मांडायचं म्हणजे काय, ते बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. नोव्हेंबरचेच दिवस. एक तारखेला बेळगाव कर्नाटकात गेल्याच्या निषेधाचा घराघरात काळा दिन, बाजारात कर्नाटक राज्योत्सवाचे लाल-पिवळे झेंडे. 1956 साली त्याच तारखेला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात गेला, फक्त चंदगड तालुका तेवढा मागं, आजच्या महाराष्ट्रात राहिला. वर्गातल्या निम्म्या पोरांची आत्या नाहीतर मावशी चंदगडकडं दिलेली.

के. टी. शहांची चिठ्ठी निघाली ती सीमाप्रश्नात वडील तुरुंगात जाऊन आलेल्या एका पोराला. शहांची उपसूचना अशी होती की, सीमा बदलायचा कुठलाही प्रस्ताव त्या राज्याच्या विधिमंडळातूनच निघायला हवा. पोरगं असं काही बोललं की बाकं बडवून आमचे हात लाल झाले. आम्हाला न विचारता रेघ मारणारे तुम्ही कोण, हा सूर आमच्या घरातलाच होता.

मग उठायचं होतं मला. माझ्या चिठ्ठीत के. संथानम होते. नोव्हेंबर 1948 मध्ये त्यांनी शहांना विरोध केला होता. सरांच्या वहीतलं वाचून मी कसंबसं मांडलं: शहांचं मानलं तर राज्यात जे थोडके आहेत त्यांना वेगळं व्हायला किंवा शेजारच्या राज्यात जायला, जे बहुसंख्य आहेत त्यांचीच परवानगी लागणार. समजा, मद्रास प्रांतात आंध्रवाल्यांनी वेगळं होण्याचा ठराव आणला, तो बहुमतानं पडला, संपला विषय.

मी खाली बसलो. कुणी बाक बडवला नाही. शहा झालेला पोरगा जागेवरूनच म्हणाला, "म्हणजे सर, माझं ऐकलं असतं तर आपल्याला महाराष्ट्रात जायला बेंगळूरच्या विधानसभेला विचारायला लागलं असतं?"

"आता तूच बघ," सर म्हणाले.

मतदान झालं तेव्हा त्यानं स्वतःच्याच उपसूचनेविरुद्ध हात वर केला. सरांनी त्याला दटावून हात खाली घ्यायला लावला. "शहांनी असं केलेलं नाही. चिठ्ठी कुणाची आहे?"

त्यावरून गावात थोडी बोलाबोली झाली. एका पोराचे वडील थेट शाळेत आले. "गुरुजी, पोरांना हे काय शिकवूलाय?" सरांनी त्यांना मागच्या बाकावर बसवून घेतलं. दोन तास ऐकून ते काही न बोलता गेले. सरांचं स्वतःचं सीमाप्रश्नावर मत काय होतं, ते त्यांनी आम्हाला कधी कळू दिलं नाही. आम्ही खोदून खोदून विचारलं तरी नाही. तेव्हा राग यायचा. आज वाटतं, ते बोलले असते तर आम्ही विचार करायचं तिथंच थांबवलं असतं.

शेवटच्या शनिवारी आंबेडकरांची चिठ्ठी एका मुलीकडं होती. 25 नोव्हेंबर 1949 च्या भाषणात आंबेडकरांनी शिस्तीत हात वर करणाऱ्यांबरोबर बंडखोरांचाही आवर्जून उल्लेख केलाय. कामत, पंजाबराव देशमुख, सिधवा, सक्सेना, ठाकूरदास भार्गव, शिवाय शहा आणि कुंझरू. हे नसते तर कामकाज अगदीच निरस झालं असतं, असं ते म्हणाले. मुलीनं एकेक नाव घेतलं तसा तो तो पोरगा उभा राहिला. त्या यादीत संथानम नव्हते, याचं मला बरेच दिवस वाईट वाटत होतं.

प्राथमिक शिक्षण मातृभाषेत मिळण्याची सोय करावी, असं सांगणारं 350-अ कलम मूळ घटनेत नव्हतं, ते 1956 च्या सातव्या दुरुस्तीनं आलं. म्हणजे बेळगाव जिल्हा म्हैसूरमध्ये गेला त्याच वर्षी. हेही सरांनीच सांगितलं, पण परीक्षा तोंडावर आल्यामुळं त्यावर सभा भरली नाही.

शाळेच्या महोत्सव समितीला एक विनंती. सरांची ती लाल शाईची वही निवृत्तीच्या वेळी त्यांनी शाळेकडं दिली, असं मी ऐकून आहे. जुन्या दप्तरात किंवा प्रयोगशाळेच्या कपाटात कुठं सापडली तर प्रदर्शनात मांडावी, निदान झेरॉक्स तरी काढून ठेवावी. खर्च मी देतो.