जबडा सोडा

आपल्याला ताण आला आहे हे कबूल करण्यात आपण मध्यमवर्गीय माणसे फार मागे असतो. 'मला कसले आले आहे टेन्शन?' हा प्रश्न ज्या त्वेषाने विचारला जातो, त्यातच त्याचे उत्तर असते. मन असे नाकबूल जात असताना शरीर मात्र बिनचूक जबानी देत राहते. फक्त ती कुठे ऐकायची, ते ठिकाण माणसागणिक वेगळे. कुणाची मान आखडते, कुणाचे पित्त नेमके मार्चअखेरीस उसळते, तर कुणी वर्तमानपत्रातली एकच बातमी पुन्हा पुन्हा वाचूनही कोराच राहतो. माझे ठिकाण जबडा.

हे मला दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे कळले. दाढ ठणकत होती, पण किडलेली नव्हती. बाईंनी आरसा धरून सुळे दाखवले, तर त्यांची टोके घासून सपाट झालेली. मग कानाच्या पुढे, गालावर बोटे ठेवायला लावून त्या म्हणाल्या, "आता दातांवर दात आवळा बघू." बोटांखाली सुपारीएवढा टणक गोळा उभा राहिला. तोंड मिटलेले असताना ओठाला ओठ टेकावा, पण दाताला दात टेकू नये, ही साधी गोष्ट मला तोवर कुणी सांगितली नव्हती. दातांची गाठ पडायची ती चावताना आणि गिळताना. मी त्यांना दिवसभर जुंपून ठेवले होते. आमच्या लहानपणी झोपेत दात खाणाऱ्या मुलाला जंत झाले असे ठरवून वावडिंगाचा काढा पाजत. पन्नाशीनंतर ती सबब चालत नाही.

हान्स सेली या शास्त्रज्ञाने १९३६ साली 'नेचर' या नियतकालिकात एक छोटे टिपण लिहिले होते. उंदरांना थंडीत ठेवा, इजा करा किंवा अतिश्रम करायला लावा, त्यांच्या शरीरात होणारे बदल एकाच साच्याचे असतात, असे त्याचे निरीक्षण होते. माझ्या जबड्याचेही तसेच आहे. कारण विम्याचा अर्ज असो वा मुलीचा निकाल, तो सारखाच आवळतो. म्हणून कारण शोधायचे तर वेळेकडे पाहावे लागते. तसे पाहू लागल्यावर ध्यानात आले की मोठ्या संकटात, जिथे धावपळ करायची असते तिथे, जबडा बऱ्यापैकी मोकळा असतो. तो आवळतो ते ओटीपी येईना तेव्हा, फोनवर 'कृपया प्रतीक्षा करा' ऐकताना, आणि सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पाण्याच्या टँकरवरून वाद पेटला की. हातात काहीच नाही, पण लक्षही काढून घेता येत नाही, अशा या जागा.

उपायांच्या बाबतीत मी 'सकारात्मक विचार करा' या सल्ल्यावर केव्हाच फुली मारली आहे. रात्री दातांवर बसवायचे प्लास्टिकचे आवरण मिळते. त्याने दात वाचतात, ताण जिथल्या तिथे राहतो. बाईंनी सांगितलेली युक्ती मात्र बिनखर्चाची आहे. 'न' म्हणायचा आणि जीभ तिथेच, वरच्या दातांच्या मागे, टेकलेली ठेवायची. दात आपोआप सुटतात. त्याला जोड लांब उच्छ्वासाची, कारण श्वास सोडताना हृदयाची गती किंचित मंदावते. एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरने गेल्या शतकाच्या पूर्वार्धातच स्नायू मुद्दाम आवळून सैल सोडण्याची पद्धत बसवली होती, तीही खांद्यांना मानवते. टँकरचा ग्रुप मी मूक करून टाकला. टँकर पूर्वीप्रमाणेच येतो. घरात मुलीने जास्तीची जबाबदारी घेतली आहे. जेवताना माझे बोलणे तुटक झाले की ती ताटातून मान वर न करता म्हणते, "बाबा, जबडा."

अर्थात हे सगळे रोजच्या किरकोळ ताणापुरते. झोप आठवडेच्या आठवडे उडाली, कशातच रस वाटेनासा झाला, तर 'न' म्हणत बसण्यात शहाणपण नाही. तेव्हा डॉक्टर गाठावा. सरकारची २०२२ साली सुरू झालेली टेलिमानस ही मानसिक आरोग्यासाठीची फोनसेवाही आहे. १४४१६ या क्रमांकावर फोन करून मराठीतही बोलता येते.

या विद्येचा एक दुष्परिणाम म्हणजे आता मला इतरांचे जबडे दिसू लागले आहेत. बँकेतला कॅशियर, सिग्नलला थांबलेला रिक्षावाला, सोसायटीचे खजिनदार, या सगळ्यांच्या गालांवरचा तो गोळा मी लांबून ओळखतो. खजिनदारांना एकदा आपुलकीने सांगूनही पाहिले. "मला कसले आले आहे टेन्शन?" ते म्हणाले, आणि गोळा आणखी वर आला.