पार्किंगच्या खांबावर अ‍ॅटम : तिसरा रविवार

मंडळी, मागच्या वेळी खांबावर नुसता प्रायमर होता. आता अ‍ॅटम, म्हणजे जपानी कॉमिकमधला रोबो-पोरगा, आपला अ‍ॅस्ट्रो बॉय, कमरेपर्यंत उतरलाय. हिरवा पट्टा झाला, लाल बूट बाकी आहेत.

भिंत मिळत असताना खांब घेतला तो हौसेपायी. जपानी चित्रकार ओसामू तेझुकांच्या या पोराच्या डोक्यावर केसांची दोन टोकं आहेत, आणि तो कुठेही बघत असो, दोन्ही दिसतातच. खऱ्या डोक्याला हे जमायचं नाही, कागदावर खपून जातं. म्हटलं, चौकोनी खांबाच्या लागून असलेल्या दोन बाजूंवर दोन चेहरे काढू, प्रत्येकाला दोन टोकं. खडूनं काढून झाल्यावर कोपऱ्याकडून बघितलं तर चार! अ‍ॅटमचा बारशिंगा झाला होता.

पुसलं. आता मधलं टोक दोन्ही चेहऱ्यांत सामाईक, बरोबर कडेवर दुमडलेलं. समोरून दीड दिसतं, पण डोळा ते दोन धरतो. कोपऱ्यातून तीन दिसतात. त्याला अजून इलाज सापडलेला नाही.

टोकांवर एवढा वेळ का घालवला? टोकियोच्या शिबुया भागात इन्व्हेडर या फ्रेंच कलाकारानं टाइल्सच्या तुकड्यांत अ‍ॅटम बसवलाय. चौकोनी तुकड्यांत सगळी वळणं गेली, तरी टोकांवरून लांबूनच ओळख पटते. टोकियोतल्याच ताकादानोबाबा स्टेशनच्या पुलाखाली तेझुकांची पात्रं रंगवली आहेत, त्या गर्दीतही नजर आधी तिथेच जाते. अ‍ॅटमची १९६३ ची टीव्ही मालिका कमीत कमी चित्रांत भागवलेली, त्यामुळे आकार साधे ठेवलेले. स्कूटर लावतालावता बघणाऱ्यासाठी तेच बरं.

रंगांचा क्रम यावेळी उलटा केला. जुन्या अ‍ॅनिमेत, म्हणजे जपानी कार्टूनपटांत, सेलच्या (पारदर्शक शीटच्या) पुढच्या बाजूला रेघ आणि रंग मागून भरायचे, म्हणून रंग रेघेवर चढायचाच नाही. भिंतीला मागची बाजू कुठली? पहिल्या चित्रात मी आधी काळी रेघ मारली आणि नंतर प्रत्येक रंगाबरोबर ती खाऊन टाकली. आता सपाट रंग आधी, मग सावलीची एकच छटा, कडा मास्किंग टेपनं धारदार, रेघ सगळ्यात शेवटी.

ओघळ एकच आला, डाव्या गालावर. स्प्रेचा कॅन फार जवळ धरला होता. वाळल्यावर पॉलिश पेपरनं घासला.

पुढच्या रविवारी बूट आणि रेघ. शेजारच्या काकांनी गाडी हलवली तर.