कुंद्याचा दर आणि 'क'

आज शेजारच्या सातवीतल्या पोरीला बीजगणित सांगत होतो. तिनं २क + ५० चं उत्तर ५२क लिहिलेलं. म्हटलं, क म्हणजे आपला बेळगावी कुंदा नव्हे, एका किलोचा दर. दोन किलो कुंदा आणि रिक्षाचे ५० रुपये. दर ४०० धर, खर्च ८५०. आता ५२क काढ की! २०,८०० आले नि तीच ओरडली, "काका, हे कसं होईल?" दर ५०० केला, १०५० आले. मांडणी तीच, हे तिचं तिलाच दिसलं. (नियम घोकण्यापेक्षा अशी किंमत घालून बघणं मला फार मोलाचं वाटतं.) भास्कराचार्य बाराव्या शतकात अज्ञात संख्यांना कालक, नीलक अशी रंगांची नावं देत, हेही सांगितलं. लगेच तिनं स्वतःचं मांडलं: ३नी + २क. बेरीज करायला गेली नाही.